खाऱ्या पाण्याचा वारा

कूलर बाहेर काढायचा दिवस आमच्याकडे कुणी ठरवत नाही. होळी होऊन आठ-दहा दिवस जातात, दुपारी फरशीवर पाय टेकवला की ती कोमट लागते, आणि माझी बायको, म्हणजे आमच्या लेकीची, मित्राची आई, एक दिवस चहाचा कप पुढे करता करता म्हणते, "आता काढा बाप्पा तो." मग मी अंगणातल्या कूलरवरचं पोतं काढतो, आतली कोळिष्टकं झाडतो, पाल पळून जाईपर्यंत दोन पावलं मागे उभा राहतो आणि तिन्ही बाजूंच्या जुन्या ताट्या उचकटतो. लावल्या तेव्हा त्या पिवळ्या गवताच्या होत्या, आता पांढऱ्या झालेल्या असतात. हात लावला की कडकन मोडतात आणि बोटांना मीठ लागतं. जिभेवर ठेवून पाहिलं तरी मीठच.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या पुढे, पूर्णेकडच्या उताराला आहे. इथून खाली जसजसं जावं तसतसं पाणी खारट होत जातं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा केला तर पाहुणा दुसरा कप मागत नाही. प्यायला नळाचं पाणी येतं, तेही त्याच्या मर्जीनं. कूलरला मात्र बोअरचंच पाणी. दिवसाला दहा-बारा बादल्या तो सहज पितो, आणि तेवढं गोडं पाणी त्याच्या नरड्यात ओतण्याची आमच्या गावात कुणाची प्राज्ञा नाही.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बाष्पीभवन हा धडा माझा विशेष लाडका. माठातलं पाणी गार का होतं, घाम वाळताना अंगाला गार का वाटतं, कूलर कसा चालतो. हे शेवटचं उदाहरण पुस्तकातलं नव्हतं, माझं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात, हेही मीच शिकवायचो. फळ्यावर आकृती काढून, बाण दाखवून. किती पोरांच्या वह्या मी त्या आकृतीसाठी तपासल्या असतील त्याचा हिशेब नाही.

नव्या ताट्या पहिल्यांदा ओल्या झाल्या की ओल्या गवताचा एक वास घरभर पसरतो. मित्राची आई म्हणते, आता खरा उन्हाळा लागला. पाहुण्यांना तो वास आवडतो. मला नाही सोसत. मी काहीतरी काम काढून बाहेर ओसरीवर येऊन बसतो. माझ्या मुलीचं सगळ्यात मोठं स्वप्न त्या वासात गेलं, आणि ते मी घालवलं. एवढंच असतं तरी एखाद्यानं निभावून नेलं असतं. ते मी घालवलं हे तिला यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

संघमित्रा, म्हणजे आमची मित्रा, त्या वर्षी बारावीला होती. लहानपणापासून तिचा हात चित्रावर. माझ्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर ती चित्रं काढायची आणि मी पोरांना मार्क देता देता मध्येच एक कोंबडी पाहून थबकायचो. तिला ॲनिमेशन शिकायचं होतं. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आमच्या तालुक्यातून ती एकटीच. आता दुसरी फेरी होती. स्वतः केलेली एक मिनिटाची फिल्म एप्रिलअखेर पाठवायची, ती आवडली तर मुलाखत. तिच्यासाठी मी लॅपटॉप घेतला होता, वेगळ्या ग्राफिक्स चिपवाला. घरात आला त्या दिवशी मित्राच्या आईनं त्याला हळदीकुंकू लावायचं ठरवलं होतं असं मी गमतीनं सगळ्यांना सांगायचो. ते खोटं होतं. आमच्या घरात ती पद्धत नाही. तिनं फक्त आपल्या चांगल्या लुगड्याचा एक तुकडा फाडून त्याला गवसणी शिवली होती.

मित्राची फिल्म एका चपलेची होती. आठवडी बाजारात गर्दीत एका बाईची एक चप्पल सुटते आणि मागे राहते. मग ती चप्पल एकटीच बाजारभर आपल्या जोडीदारणीला शोधत फिरते. मिरच्यांच्या ढिगाऱ्यावरून, बांगडीवाल्याच्या पेटीखालून, एका बैलाच्या पायांमधून. चालताना ती चप्पल जरा लंगडायची, कारण तिचा अंगठा तुटलेला होता. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो आणि मग मला हसू आवरून घ्यावं लागलं. तुटक्या चपलेची इतकी दया येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

चित्र कसं तयार होतं ते तिनं मला समजावून सांगितलं होतं. एका सेकंदाला चोवीस चित्रं. प्रत्येक चित्रातला उजेड, सावली, मिरचीवरची चमक, हे सगळं ती चिप एकेक करून काढते. त्या कामाला रेंडर म्हणतात. आपण फक्त सांगायचं आणि वाट पाहत बसायचं. एकेका चित्राला पाच-पाच, सात-सात मिनिटं लागायची. दिवसभर लॅपटॉप चालू असायचा आणि संध्याकाळी दोन-तीन सेकंदांची फिल्म हाती यायची. मला ते शेतीसारखं वाटायचं आणि म्हणून पटायचं.

मार्च सरला आणि लॅपटॉप तापायला लागला. आतला पंखा किंचाळायचा, कळपट्टी हात ठेवू देत नव्हती, आणि रेंडर अर्ध्यात आलं की मशीन आपोआप बंद. मित्रानं पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणून ठेवला होता. चिपचं तापमान. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. नव्वदच्या वर गेलं की चिप काम हळू करते आणि आणखी वर गेलं की मशीन जीव वाचवायला बंद होतं. घरात तापाचा रोगी असावा तसे आम्ही तिघं त्या आकड्याकडे पाहायचो. मित्राची आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, आता किती झालं.

तापण्याचं कारण साधं होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. त्या वर्षी माझ्या भावानं त्याचा कापूस आमच्या मागच्या खोलीत भरून ठेवला होता. आमच्याकडे हे नवल नाही. दिवाळीनंतर कुणाच्याही घरात जा, एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असते आणि माणसं उरलेल्या घरात दाटीवाटीनं राहतात. त्या कापसानं अंगाला खाज सुटते, नाकातोंडात बारीक तंतू जातात, जेवणाच्या ताटात पांढरं उडून येतं. मित्राचं टेबल त्या खोलीच्या दाराशी होतं. कापूस होळीच्या आत विकून झाला, पण त्याचे तंतू लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसले होते आणि गरम हवा बाहेर निघायची वाटच बुजली होती. खामगावला नेला असता तर ते दहा मिनिटांचं काम होतं. ब्रश फिरवायचा, फुंकर मारायची, परत झाकण लावायचं.

मित्रा म्हणाली होती, खामगावला दाखवू. मी म्हणालो, थांब, मला पाहू दे. विज्ञानाच्या मास्तराच्या घरातली वस्तू दुसऱ्याकडे न्यायची म्हणजे माझ्या तीस वर्षांचा अपमान. आधी मी लॅपटॉप दोन विटांवर ठेवला. मग उलट्या परातीवर ठेवून परातीखाली ओलं फडकं घातलं. आकडा दोन-तीननं उतरला आणि पुन्हा चढला. मग एका दुपारी मी खुर्चीत बसून कूलरकडे पाहत होतो आणि मला माझाच धडा आठवला. टेबल उचललं, थेट कूलरच्या तोंडाशी लावलं. वीतभर अंतरावर. अर्ध्या तासात आकडा सत्तरवर आला.

मला त्या दिवशी झालेला आनंद आता आठवला तरी लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासता तपासता मी सगळ्यांना ते ऐकवलं. मराठीचे सर म्हणाले, तुम्ही म्हणजे तुम्हीच. मी ते कौतुक गूळ खाल्ल्यासारखं चघळत घरी आलो. येताना उन्हात डोक्याला दुपट्टा बांधायचंही विसरलो.

मित्राला ते आवडलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, ओल लागन त्याले. वारा ओला आहे." आणि मी म्हणालो, "तीस वर्षं हेच शिकवून राह्यलो मी. तू मले नको शिकवू." ती गप्प बसली. मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही असं आम्ही तिला कधी शिकवलं नव्हतं, पण मी मास्तर आहे एवढं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यानंतर ती मधूनमधून टेबल सरकवून भिंतीशी न्यायची. मी शाळेतून आलो की हातपाय धुवायच्या आधी ते पुन्हा कूलरसमोर आणायचो. तीन आठवडे आमचं हे चाललं. आम्ही त्यावर भांडलो नाही, बोललोसुद्धा नाही. फक्त टेबल इकडून तिकडे जायचं.

कूलर नुसती हवा देत नाही. जवळ बसलं की तोंडावर बारीक तुषार येतात, ते सगळ्यांना आवडतं. आमच्या कूलरसमोर जे काही असतं त्याच्यावर ते तुषार वाळून पांढरे ठिपके पडतात. आरशावर पडतात, कपाटाच्या दारावर पडतात, माझ्या चष्म्यावर पडतात. लॅपटॉपच्या पडद्यावरही पडले. मित्राची आई रोज सकाळी पदरानं ते पुसायची. तिनं मला एकदा विचारलंही, हे मीठ आत नाही जात का हो? मी म्हणालो, आत पंखा आहे, तो बाहेर फेकतो. पंखा हवा आत ओढतो हे मला माहीत होतं. तोंडाला आलं ते बोलून गेलो.

फिल्मचे अठ्ठावीस सेकंद तयार झाले होते. चप्पल बांगडीवाल्याच्या पेटीखालून बाहेर पडून बाजाराच्या मधोमध आली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक होऊन दहा-बारा दिवस झाले होते, गल्लीतल्या पताका अजून उतरल्या नव्हत्या. आणि एका दुपारी पडद्यावर उभ्या गुलाबी रेघा आल्या. मित्रानं मशीन बंद करून परत चालू केलं. रेघा हिरव्या झाल्या. तिसऱ्यांदा चालू केलं तेव्हा पडदा काळा तो काळाच राहिला. आत पंखा फिरत होता, कळपट्टीतला दिवा जळत होता, म्हणजे मशीन जिवंत होतं. फक्त त्याला चित्र काढता येत नव्हतं. फिल्म पाठवायला पाच दिवस उरले होते.

मित्रा रडली नाही. तिनं गवसणीत लॅपटॉप घातला आणि दाराशी येऊन उभी राहिली. आम्ही काळीपिवळीत बसून खामगावला गेलो. जीपमध्ये कोंबून भरलेल्या माणसांत तिनं तो सगळ्या वाटेवर छातीशी धरला होता. तिच्या शेजारच्या बाईला वाटलं बाळ आहे, म्हणून तिनं जरा सरकून जागा केली.

खामगावात नईमचं दुकान जिन्याखालच्या जागेत होतं. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग तो अजून वापरायचा. नईम माझा विद्यार्थी. आठवीत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि प्रयोगाच्या तासाला नळ्या फोडायचा. आता त्याला दोन मुलं होती, दाढीत एखादा पांढरा केस होता, तरी मी दुकानात शिरलो की तो स्टुलावरून उठून उभा राहायचा. त्याही दिवशी उठला. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दुकानात मोठी मशीन आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मित्रा शेजारच्या दुकानातून तिथं फोन लावायला गेली. नईमनं स्क्रू काढले.

झाकण उचललं तेव्हा आधी पंखा दिसला. कापसाची गादीच होती तिथं. नईम हसला. मग त्यानं भिंग लावलं, दिवा जवळ ओढला आणि त्याचं हसू गेलं. चिपच्या भोवती पांढरं-हिरवं काहीतरी उगवल्यासारखं दिसत होतं. बारीक टोकानं त्यानं ते खरवडलं.

"सर, चिप गरम होऊन नाही मेली," तो म्हणाला. "गरमी का तो इलाज था. हे मीठ आहे. चिपला बोर्डाशी जोडणारे खालचे सारे टाके खाऊन टाकले यानं." मग जरा थांबून, माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "कूलरपुढं ठेवला होता काय?"

मी चष्मा काढून शर्टाला पुसायला लागलो. तो समजला. चिपला गरम हवा देऊन चार दिवस जगवता येतं, पण खालचे टाकेच राहिले नाहीत तर कशाला जगवायचं, असं तो हळू आवाजात सांगत होता. नवं बोर्ड मागवलं तर पंधरा दिवस. आतली डिस्क चांगली आहे, फिल्म कुठं जात नाही, ती काढून देतो. तेवढ्यात मित्रा आत आली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता. तिनं विचारलं, "काय झालं चाचा?"

नईमनं तोंड उघडायच्या आधी मी बोललो. म्हणालो, "लय चालवलं तू त्याले. दिवस नाही पाह्यला, रात नाही पाह्यली. जळली चिप."

नईमनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याला खोटं पाडता आलं असतं, समोर बोर्ड उघडं पडलं होतं, पांढरा थर उघड्या डोळ्यांनी दिसत होता. पण आमच्या इकडे कितीही मोठा झालेला विद्यार्थी आपल्या सरांना त्यांच्या लेकीसमोर खोटं पाडत नाही. तो मान खाली घालून डिस्क काढायला लागला. मला हे ठाऊक होतं. त्याच्या त्या अदबीवर विसंबूनच मी बोललो होतो. मित्रा बोर्डाकडे पाहत होती, पण तिला काय पाहायचं ते माहीत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. लग्नसराई ऐन भरात होती, व्हिडिओवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तरी त्यानं एक दुपार त्याची मशीन दिली. चप्पल सात पावलं पुढे गेली. मग एका वरातीचं काम आलं आणि मित्राला तिथून उठावं लागलं. मित्रानं तेवढीच फिल्म पाठवली. चप्पल बाजाराच्या मधोमध उभी आहे, चारी बाजूंनी माणसांचे पाय जात आहेत, आणि फिल्म संपते. मुलाखतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी तिनं सेतू केंद्रावर पाहिली आणि येताना घरासाठी कोथिंबीर घेऊन आली.

मी स्वतःशी खूप वाद घातला. म्हणायचो, पुढच्या वर्षी पुन्हा देता येईल, मग सांगू. पुढच्या वर्षी मी तिला म्हणालो, नवा लॅपटॉप घेऊ, पुन्हा बैस. ती म्हणाली, "काऊन? तोही जाळीन मी." माझ्या तोंडाशी शब्द आला होता. तो बाहेर काढायला काय लागत होतं? एक वाक्य. मी जेवणाचं ताट पुढे ओढलं. मित्राची आई माझ्याकडे पाहत होती. ती खामगावला आली नव्हती, पण तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पदर तिचा होता, मीठ तिनं पुसलं होतं. आम्ही खामगावहून आलो त्या रात्रीच तिनं मला विचारलं होतं, कूलरनंच गेला ना तो? आणि मी तिला गप्प राहायला सांगितलं होतं. ती राहिली. आमच्या संसारात तिनं माझं इतकं दुसरं काही ऐकलेलं मला आठवत नाही.

मित्रानं बी.एस्सी. केलं, मग रक्त तपासायचा कोर्स केला. आता ती मेहकरला एका लॅबमध्ये काम करते. मी एकदा तिथं गेलो होतो. दिवसभर ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते, काचेच्या पट्टीवरच्या थेंबातलं मोजते आणि कागदावर लिहिते. लोक म्हणतात हात फार स्थिर आहे तिचा. कुणी काढून दाखव म्हटलं तर ती साधी कोंबडीसुद्धा काढत नाही. तिच्या खोलीत भिंती कोऱ्या आहेत. चांगली स्थळं येतात, तिचं तिचं चाललं आहे, ती दुःखी आहे असं कुणी म्हणणार नाही. मी म्हणतो. मला ते दिसतं, कारण ती आधी कशी होती ते मी पाहिलेलं आहे.

नईम मला मागे एका लग्नात भेटला. पंगतीत माझ्या शेजारी बसला, वांग्याची भाजी वाढून घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं, मित्राबाई चित्रं काढतात का सर? मी म्हणालो, नोकरीला आहे मेहकरला. तो "अच्छा" म्हणाला आणि जेवत राहिला. त्यानंतर मी खामगावला गेलो की त्या गल्लीतून जात नाही, लांबून वळसा घालतो. त्यानं माझी लाज राखली आणि त्याचाच मला राग येतो. एखाद्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. दुसऱ्यानं बोलावं असं वाटणं सोपं असतं.

यंदा चैत्रात मित्रा दोन दिवस घरी आली होती. ऊन असं की अंगणातला कडुनिंबसुद्धा पानं आवळून उभा. शेजारच्या सुनीताबाई आल्या होत्या, त्यांच्या मुलीला लॅपटॉप घ्यायचा होता, कोणता घ्यावा विचारायला. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. आतून मित्राचा आवाज आला. हसत हसत सांगत होती. म्हणाली, "काकू, पोरीच्या हाती नका देऊ महागाचा. म्या जाळला ना बाबाचा. दिवसरात चालवला, चिपच जळून गेली." सुनीताबाई हसल्या. मित्राही हसली. तिचं सांगणं इतकं घोटलेलं होतं, कुठं थांबायचं, कुठं हसायचं सगळं ठरलेलं, की मला कळलं, ही गोष्ट ती नऊ वर्षं सांगत आली आहे. लॅबमध्ये, बसमध्ये, मैत्रिणींना, बघायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा असेल. माझं खोटं ती स्वतःच्या नावावर सगळीकडे फिरवत होती आणि मी पेपरात पाऊस कधी येणार ते वाचत होतो.

सुनीताबाई गेल्या. दुपार होती, लाईन गेली होती, घरात सगळं थांबलेलं. मित्रा हातानं वारा घेत भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. कापूस, कूलर, मीठ, नईमनं काय म्हटलं, मी काय म्हटलं. मास्तरासारखं क्रमानं सांगितलं, कारण मला दुसऱ्या रीतीनं सांगताच येत नाही. सांगून झाल्यावर मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

ती हातानं वारा घ्यायची थांबली. मग तिनं विचारलं, "चाचाले माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"आईले?"

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. मी पुन्हा हो म्हणालो.

"म्हंजे मलेच नव्हतं माहीत," ती म्हणाली. रागानं नाही. लॅबमधली नोंद वाचून दाखवावी तशी. मला वाटलं आता ती उठेल, बॅग भरेल, चारची मेहकर गाडी धरेल. तिनं तसं केलं असतं तर मी स्टँडपर्यंत तिच्या मागे गेलो असतो. ती बसूनच राहिली. मग माझ्याकडे बघून अगदी सावकाश, आठवत आठवत म्हणाली, "खामगावहून आलो त्या दिवशी मी तुमची माफी मागतली होती, बाबा. ओसरीवर. तुमच्या पायाले हात लावून."

हे मी वर कुठं लिहिलं नाही. इतकं सगळं लिहिलं, परातीखालचं फडकंसुद्धा लिहिलं, आणि हे राहू दिलं. राहून गेलं नाही, राहू दिलं. त्या संध्याकाळी सतरा-अठरा वर्षांची माझी लेक माझ्या पायांशी वाकली होती, म्हणाली होती की चुकलं माझं, तुमची एवढी महागाची वस्तू मी जाळली. तिचा आवाज पहिल्यांदा तेव्हा फुटला होता. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून, मोठ्या मनानं, तिला माफ केलं होतं.